क्षय म्हणजे नेमके काय?

श्रावणात एक आजी नातवाचा हात धरून दवाखान्यात आल्या. डोळे रडून सुजलेले. शाळेतल्या आरोग्य तपासणीत मुलाच्या कार्डावर ‘दंतक्षय’ असा शेरा पडला होता. “डॉक्टरसाहेब, पोराला क्षय झालाय हो! ताटवाटीसुद्धा वेगळी काढली.” पाहतो तो मुलाची दाढ किडलेली, एवढेच.

चूक आजींची नव्हे. क्षय म्हणजे हळूहळू कमी होत जाणे, झिजणे. पंचांगात क्षयतिथी असते. जे कधीच सरत नाही ते अक्षय्य. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, ते दाताचे टणक आवरण विरघळवते. आत ठणका लागेपर्यंत पत्ताच लागत नाही, म्हणून दंतक्षय. क्षयरोगाला हे नाव मिळाले ते रोग्याचे अंग झडत जाते म्हणून. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवला. नाव त्याच्या कितीतरी आधीचे.

आजी हसल्या. पण एवढ्यात दाराशी उभा असलेला मुलाचा बाप खोकला. किती दिवस? “दीड-दोन महिने. विडीचा खोकला आहे, दुसरं काही नाही.” कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक दिसत होते. संध्याकाळी कणकण येते का, हे विचारल्यावर तो आईकडे पाहू लागला.

सरकारी रुग्णालयात बेडका तपासला, जंतू सापडले. घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करून घेतली, नातवाची आधी. दोन आठवड्यांवर खोकला गेला की ही तपासणी करावीच. ती आणि औषधे तिथे मोफत मिळतात. ‘निक्षय पोषण’ योजनेत आहारासाठी महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात. खरी फसगत इथेच होते. महिना-दोन महिन्यांत भूक लागते, वजन भरते आणि माणूस गोळ्या सोडतो. उरलेले जंतू मग साध्या औषधांना दाद देत नाहीत.

आमचा गृहस्थ परवा तिसऱ्या महिन्याच्या गोळ्या घेऊन दाखवायला आला. पट्टा एक भोक सैल झाला आहे. क्षय पसरतो तो खोकल्यातून, हवेवाटे. ताटवाटीतून नव्हे, हे मी आजींना दोनदा सांगितले. तरी मुलाची ताटवाटी त्यांनी आता बापासाठी वेगळी ठेवली आहे. पुढच्या खेपेला त्यांनाच बोलावले आहे.