दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर, घड्याळ आणि शरीर

मुलांकडे अमेरिकेस निघालेले आई-वडील तपासणीस आले की हमखास विचारतात, "किती तास बसावे लागेल, डॉक्टर?" नकाशावर पट्टी ठेवून याचे उत्तर मिळत नाही. पृथ्वीच्या गोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर असून ती वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. २०१६ साली एअर इंडियाने या प्रवासासाठी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरील मार्ग धरला. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले. वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! पश्चिमेकडून पूर्वेस वाहणारा उंचावरील जेट प्रवाह पाठीशी होता, एवढेच.

घड्याळ तर आणखी फसवे. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे अडीचला निघून सोळा तासांनी उतरल्यास तेथे त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात. मनगटावर साडेतीन तास, शरीरावर सोळा. इन्सुलिन घेणारा रुग्ण चुकतो तो येथेच. त्याला मात्रांच्या वेळा उलटलेल्या तासांच्या हिशेबाने कागदावर लिहून द्याव्यात.

चार तासांहून अधिक बैठ्या प्रवासाने पायांच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली नोंदविले. तरीही तो सहा हजारांत एक एवढाच. निरोगी माणसास अधूनमधून चालणे व घोटे हलविणे पुरते. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्याने मात्र तिकीट काढण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना भेटावे.