संगणक वारंवार बंद पडतो? आधी मेमरी तपासा

बिल करता करता पडदा निळा होतो, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि दर वेळी एरर मात्र निराळी येते. अशा वेळी बरेच दुकानदार व्हायरसचा संशय घेऊन विंडोज नव्याने टाकून घेतात. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार! व्यापारी बांधवांनी अशा वेळी मेमरीचा, म्हणजे रॅमचा, दोष ध्यानात घ्यावा.

हार्ड डिस्क हे गोदाम मानले तर रॅम म्हणजे काउंटर. चालू काम त्यावर मांडले जाते. संगणक प्रत्येक आकडा १ आणि ० या दोन खुणांनी लिहितो. त्यातील एकच खूण उलटली तर ५०० चे २४४ होऊ शकतात. दुकानातील साध्या संगणकात ही चूक पकडण्याची सोय सहसा नसते. यंत्र बंद पडले तर निदान कळते. चुकीचा आकडा गुपचूप हिशोबात गेला तर कळतही नाही. खरे नुकसान तेच.

तपासणी कशी करावी?

१) प्रथम हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. आधीची प्रत पुसू नये, कारण नव्या प्रतीतही बिघडलेले आकडे असू शकतात.

२) विंडोज ७, १० व ११ मध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हा प्रोग्राम असतो. स्टार्टमध्ये हे नाव इंग्रजीत टाइप करून तो चालवावा. त्यात काही सापडले नाही, पण त्रास चालूच राहिला, तर 'मेमटेस्ट८६' हा मोफत प्रोग्राम रिकाम्या पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावा. एकही चूक दाखवली तरी ती दुर्लक्षू नये.

३) चूक आढळल्यास संगणक बंद करून वायर काढावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर मऊ खोडरबर हलकेच फिरवावे, कचरा झटकावा आणि क्लिप बसेपर्यंत पट्टी दाबून पुन्हा बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

४) दोन पट्ट्या असल्यास एक-एक लावून तपासावी. तीच पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये चूक दाखवत असेल तर पट्टी खराब. प्रत्येक पट्टी एकाच स्लॉटमध्ये चूक दाखवत असेल तर दोष मदरबोर्डचा.

मेमरी निर्दोष निघाली तर धूळ, बंद पडलेला पंखा, तापलेला प्रोसेसर आणि कमजोर पॉवर सप्लाय यांच्याकडे वळावे.

नवी पट्टी घेताना

जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काही लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. पक्के बिल घ्यावे, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. जुन्या पट्टीचे बिल असेल तर तिचीही वॉरंटी आधी पाहावी.

दुरुस्तीनंतर त्रासाच्या काळातील नोंदी कच्च्या बिलांशी ताडून पाहाव्यात. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. वही कागदाची असो वा संगणकाची, त्यातील आकडा ही ग्राहकाची अमानत आहे. ती सांभाळण्याची जबाबदारी यंत्राची नसून आपली आहे.