मेदबिंदू : साठा की संबंध?

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले येथील जुने मालगुजारी तलाव पाहताना एक गोष्ट सहज ध्यानी येते. तलावाचे महत्त्व त्यात किती पाणी मावते एवढ्यावर ठरत नाही; ते पाणी कोणत्या पाटाने, कोणत्या बांधीत आणि केव्हा पोहोचते, यावर धानाचे पीक अवलंबून असते. सजीवांच्या पेशीत चरबी साठविणारे जे सूक्ष्म थेंब असतात, त्यांच्याविषयी जीवशास्त्रास अलीकडे उमगलेले सत्य नेमके याच स्वरूपाचे आहे. हा विषय जीवशास्त्राचा खरा. परंतु वस्तूला दिलेले नाव आपल्या दृष्टीला कसे वळण लावते, याचे ते उत्तम उदाहरण असल्याने भाषेच्या अभ्यासकानेही त्याची दखल घ्यावी, असे वाटते.

या थेंबांना आपण मेदबिंदू म्हणू. पूर्वी त्यांची गणना पेशीतील ‘अंतर्भूत द्रव्यां’त, म्हणजे रंगकणांच्या पंक्तीत होत असे. जे नुसते पडून राहते ते द्रव्य, असा या वर्गीकरणाचा ध्वनी होता. आज मेदबिंदू हे पेशीचे एक स्वतंत्र अंगक मानले जाते. त्याची रचना मात्र इतर अंगकांहून वेगळी आहे. इतर अनेक अंगकांभोवती स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर असतो. मेदबिंदूभोवती तो एकेरीच असतो आणि आत केवळ मेद असतो. या थरावर निरनिराळी प्रथिने येऊन बसतात.

मेदबिंदूचा जन्मच मुळी दुसऱ्या अंगकात होतो. आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाच्या दोन थरांमध्ये मेद साचू लागतो, तेथे फुगवटा येतो आणि त्यातून बिंदू आकारास येतो. या जोडावर ‘सायपिन’ नावाचे प्रथिन असते. जन्मतः त्यात दोष असल्यास शरीरात मेदऊती जवळजवळ तयारच होत नाही, आणि गंमत अशी की, तोच मेद मग यकृतात जाऊन साचतो. केवळ एक सांधा बिघडल्याचा हा परिणाम होय.

दुसरा संबंध तंतुकणिकांशी. उपाशी अवस्थेत मेदबिंदूतील मेदाचे विघटन होऊन मेदाम्ले सुटतात व तंतुकणिकांत त्यांचे ज्वलन होते. मोकळी मेदाम्ले फार झाल्यास पेशीस घातक ठरतात. म्हणून ही दोन अंगके परस्परांस खेटून असणे हिताचे असते. हृदयाच्या स्नायूंत ‘पेरिलिपिन–5’ हे प्रथिन हा संयोग घडवून आणते. शिवाय लयकारिका मेदबिंदूचे अंश गिळून पचवितात, हेही 2009 साली दाखविण्यात आले.

तिसरा संबंध वाहतुकीचा. आणि त्याचा उलगडा मुंबईत झाला, हे विशेष. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या जातीतील प्राण्यांच्या यकृतावर केलेले हे काम 2017 व 2019 साली प्रसिद्ध झाले. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रुळ असतात आणि ‘कायनेसिन’ नावाचे प्रथिन त्यांवरून ओझे ओढीत नेते. पोटात अन्न असता इन्सुलिनच्या प्रभावाने मेदबिंदूच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिक आम्ल वाढते, त्याला कायनेसिन चिकटते आणि बिंदू पेशीच्या कडेकडे ओढला जातो. तेथील आंतर्द्रव्यजालिकेत त्याचा मेद उतरतो व पुढे रक्तात सोडला जातो. उपासात इन्सुलिन घटते, कायनेसिन सुटते आणि बिंदू जागीच राहतात. त्या वेळी शरीरातील इतर मेद यकृताकडे लोटत असतो. तो सर्व एकदम रक्तात जाऊ नये, म्हणून हा जणू पाटाचा दरवाजा लावून घेतला जातो. उपास करताच यकृतातील चरबी ओसरू लागते, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागेल. या प्राण्यांत उपासकाळी ती काही वेळ वाढलेलीच दिसते. मानवाविषयीचा निष्कर्ष मात्र यावरून सरळ काढता येणार नाही.

व्याकरणातील उपमा येथे चपखल बसते. ‘घर’ हे नाम एकटे असता वाक्यातील त्याचे कार्य कळत नाही. ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराकडे’ असे प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय जोडल्यावरच ते कळते. मेदबिंदूचेही तसेच. आतला मेद तोच असतो. पृष्ठभागावर कोणते प्रथिन येऊन बसले, यावरून तो कोणाशी संबंध जोडणार हे ठरते.

मेदयुक्त यकृताचा विकार आज फार आढळतो. त्याचा विचार करताना ‘मेद किती साठला’ इतकेच विचारून भागणार नाही. तो कोठे अडला आणि कोणता जोड निखळला, हेही विचारावे लागेल. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत मेदबिंदूची व्याख्या ‘चरबीचा साठा’ एवढ्यावर थांबली, तर हा दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उद्भवणारच नाही. तलावाची व्याख्या करताना पाट विसरू नये, इतकेच सुचवावयाचे आहे.