खाज एकच, कारणं अनेक

योनीमार्गाला खाज सुटली, अंगावरून घट्ट पांढरं जाऊ लागलं, की पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यातही पुष्कळदा घरातल्या कुणाला तरी मेडिकलमधून ट्यूब आणायला सांगितलं जातं. संशय बुरशीचा असतो आणि तो निराधार नसतो. कॅन्डिडा ही बुरशी साधारण 10 ते 20 टक्के निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गात काही त्रास न देता राहते. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण किंवा रक्तातली वाढलेली साखर यांमुळे तिथला समतोल बिघडला की ती फोफावते. मग असह्य खाज, लाली, सूज, लघवीचा स्पर्श होताच बाहेरच्या कातडीची आग आणि फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा स्राव अशी लक्षणं दिसतात. त्याला वास फारसा नसतो. पातळ, राखाडी आणि उग्र वासाचा स्राव बहुधा जिवाणूंच्या असंतुलनामुळे जातो, तर पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीमुळे. पुस्तकात हे तीन रकाने वेगळे असतात. शरीरात मात्र ते एकमेकांत मिसळतात, आणि कधी दोन आजार एकाच वेळी असतात.

म्हणूनच निव्वळ लक्षणांवरून स्वतःच निदान करणं भरवशाचं नाही. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुरशीचं औषध स्वतःहून विकत घेणाऱ्या 95 स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींनाच फक्त बुरशीचा संसर्ग होता. आधी कधी डॉक्टरांनी हेच निदान केलेल्या स्त्रियांचा अंदाजही इतरांपेक्षा फारसा बरोबर निघाला नाही.

अमेरिकेचं इथे काय, असं कुणी म्हणेल. मग आपल्या विदर्भातल्या गडचिरोलीकडे पाहू. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अहवालानुसार 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, तक्रार मात्र 55 टक्क्यांचीच होती, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. हे आकडे जुने आहेत, दोनच गावांचे आहेत, ते जसेच्या तसे पांढुर्ण्याला लावता येणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत तर उलटी बाजू दिसली: पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट होता. पण दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की माझा मुद्दा पक्काच होतो. तक्रार नसताना रोग असू शकतो आणि तक्रार असताना संसर्ग नसूही शकतो. पांढरं जातं म्हणून अंगातली ताकद जाते, हा समज तर सोडूनच द्यावा. पाळीच्या चक्रानुसार थोडा स्राव होणं स्वाभाविक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकारी दवाखान्यातही लक्षणांवरूनच गोळ्यांचं रंगीत पाकीट देतात, मग मेडिकलवाल्याने दिलं तर काय बिघडलं? फरक असा की पाकीट देण्याआधी तिथे पोटदुखी, गरोदरपण, नवऱ्याला असलेली लक्षणं यांबद्दल विचारणं आणि शक्य तिथे तपासणी करणं अपेक्षित असतं, आणि त्या गोळ्या एकापेक्षा अधिक कारणांवर चालतात. दुकानातल्या अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दबते, बुरशी राहते. खरी तपासणी साधी आहे: स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात, त्यात पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात.

तेव्हा पहिल्यांदाच त्रास झाला, पोटात दिवस असतील, ताप, ओटीपोटात दुखणं, दुर्गंधी, फोड किंवा अवेळी रक्त असेल, पाळी गेल्यानंतर खाज किंवा रक्तस्राव सुरू झाला असेल, किंवा औषधाने आठवडाभरात फरक पडला नसेल, तर डॉक्टरांकडे जावंच. वर्षात तीनदा किंवा त्याहून जास्त झालं तर रक्तातली साखरही तपासून घ्यावी. गरोदरपणात बुरशीसाठी तोंडाने घ्यायची गोळी टाळतात, योनीत ठेवायची गोळी देतात. बुरशीचा संसर्ग हा कुणाच्या चारित्र्याचा पुरावा नव्हे, त्यात नवऱ्यावर सहसा उपचारही लागत नाहीत. ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांनी एकदमच औषध घ्यावं लागतं. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी नर्सबाईंना जवळ थांबायला सांगण्याचा बाईला पूर्ण हक्क आहे, आणि जाण्याआधी योनीमार्ग आतून साबणाने धुऊ नये.