आइन्स्टाइन यांना एक शंका

घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यातून कलाशाखेचा. सापेक्षतेवर मी शंका काढली तेव्हा मित्रांत हशा पिकला. पण तर्कशास्त्राच्या तासाला ‘गृहीतक’ शिकलो होतो; राहवेना.

प्रकाशलहरी ‘ईथर’मधून जातात, असे एकोणिसाव्या शतकात मानीत. पृथ्वी ईथरमधून धावते, तर दिशेप्रमाणे प्रकाशाच्या वेगात फरक दिसायला हवा. १८८७ मध्ये मायकेल्सन व मोर्ले यांना अपेक्षित फरक सापडला नाही. लोरेंट्झ म्हणाले, ईथर आहेच. पण धावणारी वस्तू गतीच्या दिशेने आखडते, म्हणून फरक झाकला जातो. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी वेगळी वाट धरली. एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना प्रकाशाचा वेग सारखाच, हेच त्यांनी गृहीत धरले. ईथरची गरज उरली नाही.

गंमत अशी, की लोरेंट्झ यांच्या सुधारलेल्या सिद्धान्तातूनही तीच उत्तरे निघतात. मग प्रयोगाने निवाडा कसा व्हावा? मला वाटते, जो ईथर कधीच हाती लागू नये अशीच योजना आहे, तो मानायचा कशाला? म्हणजे मी अखेर आइन्स्टाइन यांच्याच बाजूला आलो. हसणाऱ्या मित्रांना एवढेच सांगतो, की आधी मीही ते नुसते पाठ केले होते.