पुढचे कुंपण, मागचे कुंपण

घर बांधून होते, रंग लागतो, पाहुणे येऊन जातात, आणि मग लक्षात येते की कुंपण राहिले आहे. तोवर फंडाचे पैसे संपलेले असतात. मग कुणी पुढे महागडे लोखंडी ग्रील लावतो आणि मागे जुने पत्रे उभे करतो. कुणी चारी बाजूंनी डोक्याएवढी भिंत घालून मोकळा होतो. आमच्या घराच्या वेळी आम्हीही अशीच घाई केली आणि ती अंगाशी आली. नोकरीतून निवृत्त होऊन तालुक्याच्या गावी लहानसा प्लॉट घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो अनुभव इथे सांगत आहोत.

आमचा प्लॉट ३० फूट रुंद, ५० फूट लांब. पुढे रस्ता, मागे शेजारच्या मावशींची मोकळी जागा. मागच्या कोपऱ्यात एक मोठा दगड होता. तीच हद्दीची खूण समजून, दोरी धरून आम्ही पाच खांब पुरले. मावशी ओट्यावर बसून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचे आमच्याकडे येणे बंद झाले. आठ दिवसांनी आमच्या सूनबाईने जाऊन विचारले, "मावशी, आमचं काही चुकलं का?" मावशी म्हणाल्या, "तो दगड हद्दीचा न्हाई गं बाई. आमच्या ह्यांनी धुणं धुवायला टाकला होता तो."

मोजणी करून घेतली तेव्हा आमचे खांब दीड फूट मावशींच्या जागेत निघाले. पाचही खांब उपटावे लागले. मजुरी दोनदा गेली, सिमेंट मातीत गेले. एक शब्द आधी विचारला असता तर हे टळले असते.

म्हणून पहिले काम कुंपणाचे नाही, मोजणीचे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून फी भरली की मोजणीची तारीख मिळते आणि लगतच्या जागावाल्यांनाही नोटीस जाते. मोजणीनंतर हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो, त्याला 'क' प्रत म्हणतात. ती जपून ठेवावी. गावठाणातील घरांची मोजणी २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने होऊ लागली; आपल्या गावाची झाली असल्यास मिळकत पत्रिका काढून घ्यावी. रस्त्याच्या बाजूला किती जागा सोडायची, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी विचारावे. आणि खांब पुरण्याच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून, चहा पाजून, त्यांच्यासमोर दोरी धरावी.

आता पुढच्या बाजूचे बघू. पुढचे कुंपण कमरेएवढे पुरे. उंच भिंतीमुळे चोर अडतो असे आपल्याला वाटते. पण तो एकदा आत उतरला की तीच भिंत त्याला रस्त्यावरच्या लोकांपासून लपवते. कुंपण बुटके असले तर अंगणात खेळणारे मूल घरातूनही दिसते आणि रस्त्यावरूनही. आम्ही पुढे मेंदी लावली. ४ फुटांचे फाटक सोडून २६ फूट उरले. एकेका फुटावर, दोन ओळींत, एकाआड एक अशा सुमारे ५० काड्या लागल्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला जून फांदीच्या काड्या लावल्या आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून पहिले वर्ष बाहेरून बाभळीच्या फांद्या टाकल्या. रोप वाढू लागले की शेंडा छाटत राहावे, म्हणजे ते बुडापासून दाट होते. नुसते उंच वाढू दिले तर खाली भगदाडे पडतात आणि कुत्री आत येतात.

मागची बाजू वेगळी. तिथे मोरी, धुणे, भांडी, बायकांची उठबस. तिथे आडोसा हवा आणि राखणही हवी. आम्ही लोखंडी जाळी घेतली. खांब ७ फुटी, त्यातले २ फूट जमिनीत, ५ फूट वर. ३० फुटांना साडेसात फुटांच्या अंतराने पाच खांब बसतात. दोन्ही टोकांच्या खांबांना तिरके टेके द्यावेत, नाहीतर जाळी ताणताना खांब आत झुकतात. जाळी गंज न धरणारी, जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. तिच्यावर आम्ही घोसाळी, कारली, तोंडली चढवली. आडोसाही झाला आणि भाजीही. बांबूची तट्टी स्वस्त पडते, पण बूड कुजते आणि वाळवी लागते. ती लावायचीच तर बुडाला डांबर फासावे. भिंतच घालायची असेल तर पावसाचे पाणी जायला तळाशी भोके ठेवावीत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात अंगणाचे तळे होते.

झाडांचे कुंपण करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. मोगली एरंडाच्या काड्या फुकट मिळतात आणि पटकन जगतात, पण त्याच्या बिया विषारी असतात. शेंगदाणा समजून मुलांनी त्या खाल्ल्या आणि दवाखान्यात न्यावे लागले, असे अनेकदा घडले आहे. कण्हेर विषारी, पिवळ्या कण्हेरीची बिट्टीही विषारी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. लहान मुले असलेल्या घरी ही झाडे नकोत. करवंदीला काटे असतात, पण तिचे पिकलेले फळ मुलांना खाता येते. कुंपणाच्या बुडाशी विटा, लाकडे, पालापाचोळा साठू देऊ नये. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. आणि तारेत घरातला वीजप्रवाह तर कधीच सोडू नये. तो गुन्हा आहेच, शिवाय त्याने माणसाचा जीव जातो, मग तो शेजारचा असो की आपल्याच घरचा.

गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना भिंत म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. म्हणूनच आपल्या घराचे कुंपण घालताना ते कुणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे आणि कुणाला आत घेण्यासाठी, याचा विचार आपण करायलाच हवा.

आमच्या मागच्या जाळीत आम्ही अडीच फुटांचे एक छोटे दार ठेवले आहे. कडी आमच्या बाजूला आहे, पण दिवसा ती लावलेली नसते. मावशी त्याच दाराने येतात. जाळीच्या त्यांच्या बाजूला लागलेली घोसाळी त्या तोडून नेतात, आणि आमच्या बाजूची थोडी आणूनही देतात.