पेनीच्या ढिगात काय शोधायचे?

अमेरिकेतल्या एका सेंटच्या नाण्याचे कागदोपत्री नाव 'सेंट'. बोलण्यात मात्र सगळे त्याला 'पेनी' म्हणतात. तांबूस रंगाचे, कोटाच्या बटणाएवढे हे नाणे रस्त्यात पडलेले दिसले तरी पुष्कळ जण वाकून उचलत नाहीत. पण याच पेनींच्या ढिगात तासन् तास डोके घालून बसणारे हौशी लोकही तिथे आहेत. बँकेतल्या रोखपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी न्यू जर्सीला मुलीकडे जाऊ लागलो आणि त्यांच्यातलाच एक झालो. नोकरीत चिल्लर मोजायची असे; इथे ती बघायची असते.

आता तुम्ही म्हणाल, नाणे जितके जुने तितके मोलाचे. तसे नाही. अब्राहम लिंकनचा चेहरा पेनीवर आला १९०९ मध्ये. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी मागच्या बाजूला आपली व्ही.डी.बी. ही आद्याक्षरे कोरली होती. त्यावर टीका झाली आणि ती काही दिवसांतच काढून टाकली. ही अक्षरे असलेली नाणी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत सुमारे २ कोटी ८० लाख पडली, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत फक्त ४ लाख ८४ हजार. साल तेच, चित्र तेच. फरक सालाखालच्या बारीकशा 'एस' या अक्षराचा. पण त्या अक्षरामुळे झिजलेल्या नाण्यालाही शेकडो डॉलर मिळतात. आपल्या नाण्यांवरही सालाखाली मुंबईचा चौकट आणि हैदराबादचा तारा असतो, तसाच हा प्रकार.

याच्या उलट १९४३ ची गोष्ट. महायुद्धात तांब्याची गरज होती, म्हणून त्या वर्षी पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या केल्या. पांढरट रंगामुळे त्या दुर्मिळ वाटतात, पण पडल्या होत्या १०९ कोटींहून जास्त! दुर्मिळ आहेत त्या वर्षी चुकून तांब्याच्या मिश्रधातूत पडलेल्या मोजक्या पेनी. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहातल्या सुट्ट्या पैशांत तसली एक मिळाली. त्याने ती आयुष्यभर जपली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती लिलावात २ लाख ४ हजार डॉलरना गेली.

शोधायचे दोन मार्ग. पहिला चलनातला. बँकेतून २५ डॉलरचे खोके आणायचे. त्यात ५० नाण्यांचे ५० रोल, म्हणजे अडीच हजार पेनी असतात. मागे गव्हाच्या दोन लोंब्या असलेली पेनी १९५८ किंवा त्याआधीची; ती बाजूला काढायची. १९८२ पर्यंतच्या पेनीत ९५ टक्के तांबे होते. त्याच वर्षी आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ थर आला. वजन ३.११ ग्रॅमवरून अडीच ग्रॅमवर उतरले. टेबलावर टाकली की जुनी खणखणते, नवी बद्द वाजते. १९५५ चे नाणे हाती आले तर भिंग घ्यायचे. त्यातल्या काहींवर साल आणि अक्षरे ठसठशीत दुहेरी उमटली आहेत. उरलेली नाणी दुसऱ्या बँकेत भरायची. मला एका खोक्यात लोंब्यांच्या चार-पाच मिळतात, कधी एकही नाही. पण २५ डॉलरचे २५ डॉलर परत मिळतात. वेळेखेरीज काही जात नाही.

दुसरा मार्ग संग्राहकांसाठी विकल्या जाणाऱ्या ढिगांचा. लोंब्यांच्या पेनी थैलीने मिळतात आणि वर लिहिलेले असते, 'न तपासलेल्या'. इथे व्यवहारी डोके हवे. दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे घेऊन विकणारा माणूस ती थैली न बघता विकेल का? निदान ठळक दुर्मिळ साले आधीच कोणीतरी काढून घेतलेली असतात, असे धरूनच चालावे. कधी रोलच्या टोकाला मुद्दाम एखादे एकोणिसाव्या शतकातले नाणे दिसेल असे ठेवतात. ते आमिष! थैली जरूर घ्यावी, पण सामान्य पेनींच्या भावाने. खजिन्याच्या भावाने नव्हे.

सुटे दुर्मिळ नाणे घेताना तर दुप्पट सावध राहावे. १९१४ ची 'डी' अक्षराची, म्हणजे डेन्व्हरची पेनी महाग आहे. म्हणून १९४४ च्या डेन्व्हर पेनीवरचा पहिला चार तासून त्याचा एक करतात. ही लबाडी पकडायची कशी? ब्रेनरची आद्याक्षरे १९१८ मध्ये लिंकनच्या खांद्याखाली परत आली. तेव्हा १९१४ च्या नाण्यावर ती दिसली, की नाणे खोटे. १९४३ च्या 'तांब्याच्या' पेनीला आधी लोहचुंबक लावावे. चिकटली तर ती मुलामा दिलेली पोलादाचीच.

आणखी एक सांगतो. आपल्याकडे तांब्याची वस्तू दिसली की हात चिंचेकडे जातो. नाण्याला चिंच लावू नका. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव संग्राहकाच्या लेखी उतरतो.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पडली. एका पेनीला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. चलनातल्या पेनी कायदेशीर आहेतच, पण नवी भर नाही. त्यामुळे बँकेतल्या खोक्यांचा मार्ग हळूहळू अरुंद होणार आणि थैल्यांच्या जाहिराती वाढणार.

तसल्या जाहिराती आपल्याकडेही आहेत. ओळखीचे लोक विचारतात, 'घरात १९५७ चा नवा पैसा आहे, लाख मिळतील ना?' जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. नाणे विकण्यासाठी आधी तुम्हीच पैसे भरा, असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. नाणे हातात घ्यावे, भिंगाखाली धरावे. साल बघावे, टांकसाळीची खूण बघावी आणि त्या वर्षी अशी किती पडली होती ते विचारावे. भाव त्यानंतर.